कुंडलची वाट आणि अनवाणी पाऊल

साताऱ्याहून मिरजेकडे निघालेली रेल्वेगाडी कऱ्हाड, ताकारी मागे टाकते आणि सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी स्थानक येते. तेथून कुंडल जवळच. गावात कलिकुंड पार्श्वनाथ, डोंगरावर झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ. दर्शनाला आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब निघते आणि कित्येकजण डोंगर अनवाणीच चढतात.

आयुष्यभर अनवाणी विहार करणाऱ्या मुनींचे तळवे त्या साधनेने घट्ट झालेले असतात. दिवसभर पेढीवर बसणाऱ्या श्रावकाची भक्ती उणी नसते, तळवा मात्र कोवळा असतो. त्यातही मधुमेह जुना असेल तर तळव्याची संवेदना मंदावते. तापलेला कातळ भाजतो, काटा रुततो, तरी पत्ताच लागत नाही. न दुखणारी जखम चिघळून कधी पाय गमावण्याची वेळ येते. अशांनी सकाळच्या गारव्यात चढावे, वाटेत कापडी बूट वापरावेत व ते मंदिराच्या दाराशी उतरवावेत.

परतल्यावर सर्वांनीच पाय साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. पावसाळ्यातील चिखल्या त्यानेच टळतात. टाचांच्या भेगांना खोबरेल लावावे, नखे सरळ कापावीत, कुरूप घरी पात्याने कोरू नये. वाढत्या मुलांचे बूट बोटांना आवळत नाहीत ना, हे पाहावे. ज्यांना वाकता येत नाही, अशा ज्येष्ठांचे तळवे मुलाने किंवा नातीने उजेडात निरखावेत.

चार हात पुढची भूमी पाहून चालणे, ही ईर्यासमिती. ज्या डोळ्यांनी वाटेवरचा जीव जपला, त्यांनीच सायंकाळी आपले पाऊलही पाहावे.