हाँगकाँगच्या डोंगरवाटा : आधी उतरण, मग चढण

हाँगकाँगचे नाव निघाले की आपल्या व्यापारी कुटुंबांच्या डोळ्यांसमोर हिऱ्यांच्या पेढ्या, दागिन्यांची प्रदर्शने आणि समुद्राकाठच्या गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. हिऱ्यांच्या व्यवसायानिमित्त कित्येक जैन कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत आणि आपल्याकडून खरेदीसाठी जाणारेही पुष्कळ आहेत. मात्र या प्रदेशाचे जेमतेम १,१०० चौरस किलोमीटरचे क्षेत्रफळ आणि त्यातील सुमारे ४० टक्के भूभाग राखीव वनोद्यानांखाली आहे, ही गोष्ट वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. १९७६ मध्ये वनोद्यानांचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये १०० किलोमीटर लांबीची मॅकलीहोज पायवाट खुली झाली. पुढे आणखी तीन दीर्घ पायवाटांची भर पडली. शहराच्या पाठीशी डोंगर, पुढ्यात समुद्र आणि दोहोंना जोडणाऱ्या, उत्तम राखलेल्या या वाटा, असे हे दुर्मीळ वैभव आहे.

वाटा इतक्या आहेत की त्यातून निवड कशी करावी, हाच प्रश्न पडतो. सर्वसाधारणपणे शिखरावरचे छायाचित्र पाहून निवड केली जाते. बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना कारखान्याची रंगीत चित्रे बाजूला सारून पैसे परत कसे येणार, ते पान आधी उघडण्याची शिस्त आम्हांला होती. डोंगरवाटेलाही तीच कसोटी लावावी, असे माझे मत आहे. चढून काय दिसेल, हे मागाहून पाहावे. कोठे उतरणार, तेथून वाहन काय मिळणार आणि मध्येच कोणाचे पाय थकले तर बाहेर पडण्याची सोय कोठे, हे आधी पाहावे.

ही कसोटी आपल्या परंपरेला नवी नाही. शत्रुंजयाच्या ३,००० हून अधिक पायऱ्या चढणारा यात्रेकरू दिवस मावळण्यापूर्वी खाली येतो. त्या गिरिराजावर रात्री कोणी मुक्काम करीत नाही. सम्मेदशिखरजीच्या सुमारे २७ किलोमीटरच्या वंदनेसाठी लोक पहाटेच्या अंधारात निघतात, ते परतीचा हिशेब मनाशी ठेवूनच. फरक इतकाच की तीर्थावर थकलेल्यांसाठी डोली असते. हाँगकाँगच्या डोंगरावर डोली नाही. तेथे आजीबाईंच्या गुडघ्यांचा विचार घरातूनच करून निघावा लागतो.

पहिला हिशेब उजेडाचा. डिसेंबरात तेथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आसपास मावळतो. नवकारशी पाळणाऱ्यांचे पारणे पावणेआठच्या आधी होत नाही आणि चोविहार करणाऱ्यांना सायंकाळी पाच वाजेपर्यंत ताटावर बसलेले बरे. शहरातून जाण्यायेण्याचा वेळ वजा केला, तर चालण्यासाठी सकाळी साडेनऊ ते दुपारी तीन एवढाच अवधी उरतो. वाट या साडेपाच तासांत बसली पाहिजे. व्रत आणि सुरक्षितता या दोहोंची मागणी येथे एकच आहे.

दुसरा हिशेब अंतराचा. नुसते किलोमीटर पाहून फसगत होते. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला नियम आजही उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढणीला आणखी एक तास मिळवावा. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. मुले आणि वडीलधारी बरोबर असतील तर येणाऱ्या उत्तरात निम्म्याने वाढ करावी आणि विश्रांतीचा वेळ वेगळा धरावा. उतरणीला वेळ कमी लागतो, ही समजूतही सोडून द्यावी. साठीनंतर गुडघ्यांची खरी परीक्षा उतरणीवरच होते आणि हाँगकाँगमधील अनेक उतरणी दगडी पायऱ्यांच्या आहेत.

आता प्रत्यक्ष वाटांकडे वळू. ज्यांच्या हाती एकच सकाळ आहे किंवा ज्यांच्या बरोबर वयस्क मंडळी आहेत, त्यांनी व्हिक्टोरिया शिखराभोवतालची फेरी निवडावी. शिखर ५५२ मीटर उंच असले तरी ही फेरी त्याच्या माथ्यावर जात नाही. लुगार्ड रोड आणि हार्लेक रोड मिळून सुमारे साडेतीन किलोमीटरचे हे वर्तुळ समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटरांवर, जवळजवळ सपाट आणि फरसबंद आहे. एका बाजूस बंदर आणि पलीकडचे कौलून, तर दुसऱ्या बाजूस दक्षिणेचा समुद्र आणि लॅमा बेट दिसते. वाटेत भारतीय रबराची पारंब्या सोडलेली जुनी झाडे भेटतात. वर जाण्यास १८८८ पासून चालणारी पीक ट्राम आहे. परतीच्या वेळी तिच्यासाठी लांब रांग असेल तर सेंट्रलकडे उतरणारी पंधरा क्रमांकाची बस घ्यावी. परतीला दोन पर्याय असलेली वाट नेहमीच चांगली.

चालण्याची सवय असलेल्या कुटुंबासाठी ‘ड्रॅगन्स बॅक’ ही कड उत्तम. हाँगकाँग ट्रेलचा हा आठवा व अखेरचा टप्पा साडेआठ किलोमीटरचा आहे. शाऊ केई वान येथून नऊ क्रमांकाच्या बसने टो टेई वान या थांब्यावर उतरावे आणि चढू लागावे. कडेचा सर्वोच्च माथा, शेक ओ शिखर, अवघा २८४ मीटर उंच आहे. पण दोन्ही बाजूंना समुद्र असल्यामुळे एखाद्या महाकाय प्राण्याच्या पाठीवरून चालत असल्याचा भास होतो. कड संपल्यावर झाडांच्या सावलीतील सपाट वाट लागते आणि शेवटी बिग वेव्ह बेच्या वाळूवर आपण उतरतो. नेस्मिथांच्या हिशेबाने सव्वादोन तास, कुटुंबाच्या हिशेबाने साडेतीन आणि विश्रांतीसह चार. साडेनऊला चालू लागल्यास दीडपर्यंत समुद्रकिनारा येतो. कडेवर सावली नाही, एवढे मात्र लक्षात असावे.

लांताऊ बेटावरची वाट घरातील दोन पिढ्यांना एकाच दिवशी समाधान देते. लांताऊ शिखराची उंची ९३४ मीटर. पाक कुंग आऊ येथून चढून नाँग पिंग येथे उतरणारा टप्पा अवघा साडेचार किलोमीटरचा. पण त्यात सुमारे ६०० मीटरांची चढण आणि पलीकडे पायऱ्यांची उभी उतरण आहे. तो तरुणांसाठी ठेवावा. वडीलधाऱ्यांनी तुंग चुंगहून ५.७ किलोमीटर लांबीच्या केबल कारने थेट नाँग पिंग गाठावे. तेथे १९९३ मध्ये पूर्ण झालेली बुद्धाची ३४ मीटर उंच कांस्यमूर्ती आहे. तिच्याजवळ जाण्यास २६८ पायऱ्या असल्या तरी खालूनही तिचे दर्शन उत्तम घडते. जवळच ‘विज्डम पाथ’ नावाच्या छोट्या वाटेवर ३८ उंच लाकडी खांब उभे असून त्यांवर बौद्धांचे हृदयसूत्र चिनी लिपीत कोरलेले आहे. शिलालेख आणि मानस्तंभ पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ते दृश्य परके वाटत नाही. तरुण मंडळी उतरून आली की भेट तेथेच ठरवावी. वारा फार असल्यास किंवा दुरुस्तीसाठी केबल कार बंद असते. तेव्हा तुंग चुंगला जाणारी बस आहे.

नाँग पिंगच्या पो लिन मठात शाकाहारी भोजन मिळते. चिनी बौद्ध परंपरेत कांदा आणि लसूण वर्ज्य असल्यामुळे आपली मंडळी तेथे निश्चिंत होतात. परंतु त्या परंपरेत कंदमुळे आणि अळिंबी वर्ज्य नाहीत. मुळा, गाजर, कमळकाकडी यांचा वापर मुक्तपणे होतो. म्हणून ‘शाकाहारी’ एवढ्या शब्दावर न थांबता प्रत्येक पदार्थात काय आहे, ते विचारावे. खाखरे, ठेपले, सुके चिवडे आणि थर्मासमधील उकळलेले पाणी बरोबर असले की कोणतीही वाट आपलीच.

लॅमा बेटाची ओढ सर्वांना असते. सोक क्वू वान आणि युंग श्यू वान या दोन धक्क्यांमधील वाट फरसबंद, चार-पाच किलोमीटरची आणि सोपी आहे. बहुतेक लोक युंग श्यू वानहून निघून सोक क्वू वानला पोहोचतात, कारण तेथे काठावर मासळीच्या उपाहारगृहांची रांग आहे. दारातच टाक्यांमध्ये जिवंत मासे ठेवलेले असतात. आपल्या घरातील मुलांना आणि आजींना दिवसाचा शेवट त्या दृश्याने करावयाचा नसतो. म्हणून वाट उलटी चालावी. सकाळी सोक क्वू वानला उतरून, तेथे न रेंगाळता चढण घ्यावी आणि युंग श्यू वानला संपवावे. उपाहारगृहे तेथेही आहेत. पण परतीच्या फेरी बोटी तेथून अधिक वेळा सुटतात. या उलट दिशेने आपली रुची आणि परतीची सोय दोन्ही सांभाळल्या जातात.

सर्वांत सुंदर आणि सर्वांत सावधपणे निवडावा असा भाग साई कुंगचा. मॅकलीहोज वाटेचा दुसरा टप्पा, लाँग के ते पाक ताम आऊ, साडेतेरा किलोमीटरचा आहे. एकामागून एक येणारे शुभ्र वाळूचे किनारे पाहून मन हरखते, परंतु मध्ये बाहेर पडण्यास रस्ता जवळ नाही. साई वानहून बोट मिळू शकते. ती मात्र समुद्राच्या लहरीवर अवलंबून. साडेपाच तासांच्या आपल्या हिशेबात हा टप्पा कुटुंबासह बसत नाही, असे मी स्पष्टच सांगेन. त्याऐवजी हाय आयलंड जलाशयाच्या पूर्व धरणापर्यंत टॅक्सीने जावे. तेथे सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून घडलेले षट्कोनी दगडी स्तंभ धरणालगत उभे आहेत. तासाभराच्या फिरण्यात ते जवळून पाहता येतात.

वनोद्यानांत आपल्या जीवदयेची एक वेगळी परीक्षा असते. कौलूनच्या उत्तरेस काम शान भागात माकडांच्या टोळ्या आहेत, इतरत्र रानडुकरे दिसतात. पशुपक्ष्यांपुढे दाणा टाकणे हा आपल्या हाताचा संस्कार. तेथे मात्र वन्य प्राण्यांना, शहरातील कबुतरांनाही, खाऊ घालणे हा गुन्हा असून १ ऑगस्ट २०२४ पासून कमाल दंड १ लाख हाँगकाँग डॉलर आणि एक वर्षापर्यंत कैद असा आहे. प्रश्न केवळ दंडाचा नाही. माणसाच्या हातून खाण्यास सोकावलेले माकड पुढे पिशव्या ओढते, चावते आणि शेवटी पकडले जाते. न देण्यातही दया असू शकते, हे मुलांना निघण्यापूर्वी समजावून सांगावे. पायवाटांवरील कचरापेट्या २०१७ च्या अखेरीस काढून घेतल्या आहेत; आपला कचरा आपल्याबरोबर परत आणावा.

ऋतूचा विचार शेवटी लिहितो, पण तो आधी करावा. मे ते सप्टेंबर हे महिने उकाड्याचे, मुसळधार पावसाचे आणि वादळांचे. ओल्या वाटांवर त्या दिवसांत सूक्ष्म जीवही विपुल असतात. चातुर्मासात प्रवास आवरता घेण्याची आपली रीत तेथेही शहाणपणाचीच ठरते. सप्टेंबरातील दागिन्यांच्या प्रदर्शनास जाणाऱ्यांनी वेधशाळेची सूचना पाहिल्याविना डोंगराकडे वळू नये. मार्चमध्ये जाणाऱ्यांना माथ्यावर धुके आडवे येते. त्यांनी लॅमासारखी सखल वाट धरावी. दिवाळीनंतरचे तीन महिने सर्वोत्तम.

दीर्घ पायवाटांवर दर ५०० मीटरांवर क्रमांक लिहिलेला खांब असतो. संकटात ९९९ वर दूरध्वनी करून तो क्रमांक सांगितला की मदत नेमक्या ठिकाणी येते. प्रत्येक खांबाशी क्रमांक मोठ्याने वाचण्याचे काम घरातील सर्वांत लहान मुलाकडे द्यावे. आणि परत फिरण्याची वेळ घरून निघतानाच सर्वांनी मिळून ठरवावी. त्या वेळी माथा शंभर पावलांवर असला तरी वळावे. माथा पुढच्या वर्षीही तेथेच असेल. आज सर्वजण सूर्यास्तापूर्वी एका पंगतीला बसले, तर वाट योग्य निवडली होती असे समजावे.