रबराचं कडं

मांजरसुंब्याच्या चौकात धुळे–सोलापूर महामार्गाला पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता भेटतो. बीडकडून येणारा भरलेला ट्रक घाट चढून इथे पोचतो, तो रबराच्या जोरावर. 17 सप्टेंबर 2025 ला बीडपर्यंत रेल्वे आली. पण तिच्या लोखंडी चाकाला असा चढ झेपणारा नाही. बोर घाटात 37 मीटर अंतराला एक मीटर चढ आहे. तेवढ्यासाठीसुद्धा गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं लावतात, आणि चाक घसरू लागलं की रुळावर वाळू सोडावी लागते.

मॉडेल रेल्वेने मात्र रबराला रुळावर जागा दिली आहे. इंजिनाच्या चाकाला गोल खाच पाडलेली असते, तिच्यात रबराचं, करंगळीच्या नखाएवढं पातळ कडं बसतं. छंदी मंडळी त्याला ट्रॅक्शन टायर म्हणतात. पुण्यात कोथरूडला 1998 साली उघडलेलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहायला जाणारा माणूस गाड्या बघतो, सिग्नल बघतो. चाकाच्या कडेशी काय आहे, तिकडे कुणाची नजर जात नाही.

या कड्याची गरज का पडते, ते हिशेबाने कळतं. भारतीय रेल्वेचं डब्ल्यूएजी-9 हे मालगाडीचं इंजिन 123 टनांचं. ते 1:87 प्रमाणात उतरवलं की लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात, म्हणून वजन साडेसहा लाख पटींनी कमी होतं आणि हिशेबाने हातात 187 ग्रॅम उरतात. डब्यांचं वजनही त्याच मापाने उतरतं. वळणं मात्र उतरत नाहीत. ब्रॉडगेजच्या सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या 175 मीटर. घरातल्या टेबलावरचं 438 मिलिमीटरचं वळण त्या प्रमाणात जेमतेम 38 मीटरचं. अशा वळणावर डब्यांची चाकं रुळाच्या कडेला घासत राहतात. त्यात चढ असला, की इंजिनाची चाकं गरगर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही.

तिथे हे कडं पाय रोवतं. गुळगुळीत धातूवर धातू निसटतो, तिथे रबर रुळाला चिकटून राहतं. कालपर्यंत चार डब्यांना दमणारं इंजिन तोच चढ जास्त डबे घेऊन चढतं. इंजिनात शिशाचं वजन भरूनही पकड वाढते, पण पोटात जागा असेल तरच. ब्रिटनच्या ट्राय-अँगने 1960 च्या दशकात इंजिनात चुंबकं बसवली होती. तो उपाय लोखंडी रुळापुरताच. निकेल सिल्व्हरच्या रुळाला चुंबक धरत नाही. कड्याला असली अट नाही.

त्याचे स्वभावदोषही सांगितले पाहिजेत. मोटरला लागणारी 12 व्होल्टची वीज चाकांवाटे रुळातून येते, आणि रबर वीज अडवतं. सगळ्या चाकांना कडी घातली तर इंजिन मुकाट उभं राहील. म्हणून एखाद्या जोडीलाच ती घालतात आणि वीज घ्यायला बाकीची चाकं मोकळी सोडतात. तेलाशी त्याचं हाडवैर. आसाला तेलाचा थेंब जास्त झाला, की तो ओघळून चाकावर येतो, रबर फुगतं, सैल पडतं आणि वळणावर निसटतं. तेल नसलं तरी वय गाठतंच. काही वर्षांत रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात, आणि इंजिन लंगडल्यासारखं डुलत चालतं.

नवं कडं चढवणं हे सावकाशीचं काम. जुन्याचे तुकडे काढून खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. कडं खाचेच्या व्यासापेक्षा किंचित लहान हवं. एक कड खाचेत अडकवायची, बोथट चिमट्याने उरलेलं हळूहळू ओढत न्यायचं, मग चाक फिरवून कुठे पीळ राहिला का ते पाहायचं. कडं जाड निघालं तर शेजारची चाकं रुळावरून उचलली जातात, आणि पकडीच्या मागे लागून वीज जाते.

मला हे कडं आवडतं, पण त्याला मर्यादा घालावी लागते. भार फार झाला की साधं चाक घसरतं, आणि मोटर वाचते. कड्याचं चाक घसरायला तयार नसतं. ते धरून बसतं, मोटर अडते, वीज खेचत राहते आणि तापते. म्हणून कडं घातलं की डबे वाढवायचा मोह आवरावा. चढावर इंजिन थांबून घुरघुरू लागलं, तर आधी वीज बंद करावी आणि दोन डबे सोडावेत. पकड वाढली म्हणून मोटरची ताकद वाढत नाही, एवढं ज्याने लक्षात ठेवलं, त्याच्याकडे हे कडं वर्षानुवर्षं इमानाने राबतं.