हाताजोगा कोयता

कोयत्याची पारख धारेवरून करू नये. धार काय, कानस घासली की येते. त्याला ओळखायचे ते उचलून. मूठ हातात धरावी, खांदा सैल सोडावा आणि पाते कुठे झुकते ते पाहावे. चांगला कोयता नाकाकडे झुकतो, पण मनगटाला खाली ओढत नाही. पाठ जाड, पोट रुंद, टोकाशी किंचित आत वळलेले नाक, आणि मुठीजवळ येताना अंग आवरून घेतलेले. सोलापूर जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत दिवाळीच्या आगेमागे असे कोयते पोत्यावर ओळीने पडलेले असतात. काळेसावळे, एका आईची लेकरे वाटावीत असे. पण हातात घेतले की प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

त्यातल्या पुष्कळांचा पहिला जन्म ट्रकखाली गेलेला असतो. कमानपाट्याचे लोखंड चिवट. दणके खाऊन सरळ होण्याची त्याला सवय. घिसाडी ते तापवतो, सांडशीत धरून ऐरणीवर फिरवतो आणि समोर उभी राहून त्याची बायको घण घालते. आकार घणाने येतो, पण गुण येतो पाण्याने. धारेची कड लाल करून पाण्यात बुडवायची, ती नेमक्या क्षणी. पाणी जास्त चढले तर बुडख्यावर घाव बसताच टवका उडतो. कमी पडले तर धार दुमडते. घेणाऱ्याने धारेवर कानस एकदा हलकेच फिरवून पाहावी. नुसती घसरली तर पाते फार कडक, भसाभस खाल्ले तर मऊ. थोडी अडत, थोडी खात गेली की समजावे, पाणी बरोबर बसले आहे.

याच जिल्ह्यात माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली साखर कारखाना काढला. पुढे उजनी धरणाचे पाणी आले आणि एके काळी ज्वारीवर जगणारा हा जिल्हा उसाने भरला. आज इथल्याइतके साखर कारखाने महाराष्ट्रातल्या दुसऱ्या जिल्ह्यात नाहीत. त्या सगळ्यांच्या गव्हाणीत पडणाऱ्या उसातला केवढा तरी वाटा आधी या कोयत्याखालून जातो.

आता हिशेब करू. एक जोडपे दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडते. ऊस दीड-दोन किलोचा धरला तर हजारभर ऊस झाले. प्रत्येकाला एक घाव बुडात, एक शेंड्याला. म्हणजे दोन हजार घाव, आणि तेही सगळे एका घावात तुटले तर. कोयता हाताला हलका पडला, बुडाला दुसरा घाव घालावा लागला, की दिवसाला हजार घाव वाढले. भारी पडला तर घाव एकच, पण दुपारनंतर खांदा उचलत नाही. मग घाव वर बसतो, हातभर नाही तरी चार बोटे बुडखा रानात राहतो. साखर सगळ्यात जास्त बुडातच असते, आणि उंच राहिलेल्या बुडख्यावरचे फुटवे खोडव्यात कमजोर निघतात. मजुरी टनावर मिळते, घावांवर नाही. म्हणून वजनाची निवड ही हौस नव्हे, पोटाचा प्रश्न आहे.

ज्याचा घाव खांद्यातून येतो, त्याला थोडा जड आणि लांब मुठीचा कोयता मानवतो. पाते एकदा सुटले की पुढचे काम वजन करते. ज्याचा घाव कोपरातून, मनगटाच्या झटक्याने येतो, त्याला तोच कोयता महिन्याभरात आजारी पाडील. त्याने रुंद पण पातळ पाठीचा घ्यावा. उंच माणसाला मूठ वीतभर लांब असली तर कंबर तेवढी कमी वाकते. ठेंगण्याला तीच मूठ पाचटात अडखळते. आणि मुठीची जाडी? बोटे मिटली की टोके तळहाताला जेमतेम टेकावीत. बारीक मूठ आवळून आवळून हात आखडतो, जाड मूठ घामाने निसटते. बाभळीच्या मुठीवर सायकलची ट्यूब गुंडाळतात ती याचसाठी. डावखुऱ्याने धार कोणत्या अंगाने घासली आहे हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, नाहीतर घाव सारखा बाहेर पळतो.

ऊसही बघावा लागतो. को ८६०३२ या जातीच्या उसाचे पाचट सहज सुटते, तिथे पात्याच्या पाठीने एक फटकारा पुरतो. लोळलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या फडात नाकाचा आकडा कामाला येतो. क्यूबाकडच्या ऊसतोड्यांच्या रुंद सुऱ्याला पाठीमागे आकडाच असतो. जगभर हाताला एकच गरज पडली की पोलादाला तसाच आकार येतो.

तोडणीला मजूर लावणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ मिळणारी उचलही त्या एका कोयत्यावर. रानात मात्र हात चार असतात आणि तोडणाऱ्या बायकाही असतात. तिच्या वाट्याला कित्येकदा त्याचा झिजलेला कोयता येतो. हलका आहे, बाईमाणसाला बरा, असे म्हणतात. मला हे पटत नाही. कोयता झिजतो तो धारेकडून. पाणी दिलेली कड संपते, मऊ लोखंड उरते, आणि नाकाकडचे वजन जाऊन मूठच जड होते. ती वस्तू हलकी झालेली नसते, कामातून गेलेली असते. कोयत्यात जे वजन उरले नाही ते बाईने आपल्या खांद्यातून भरून काढायचे. बाईसाठी वेगळा कोयता घडवता येतो: लांबीला कमी, पोटाला रुंद, नाकाला भरलेला, मूठ बारीक. घिसाडणीला हे सांगावे लागत नाही; घणाचा भार कुठे लागतो हे तिच्या दंडाला ठाऊक आहे.

पुण्याच्या बातम्यांतून कोयत्याचे नाव हल्ली गुंडांच्या टोळीला चिकटले आहे, याचे मला वाईट वाटते. त्याचा खरा धनी पहाटे थंडीत फडात उतरलेला असतो. तोडणी यंत्रे आता इकडेही फिरू लागली आहेत. लहान वाकड्या तुकड्यांत आणि ओल्या रानात ती वळत नाहीत, तिथे अजून कोयताच लागतो. तेव्हा हंगामाआधी बाजाराला जाताना दोघांनी मिळून जावे, आणि कोयता जो चालवणार त्याच्याच हातात तो आधी द्यावा. दहा वेळा हवेत फिरवू द्यावा. विकणाऱ्याने घाई केली तरी करू द्यावी, पुढचे पाच महिने तो काही फडात येणार नाही.