नाकारलेल्यांची यादी

सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली, त्यांना 'भरणा' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. चलनासोबत रक्कम ट्रेजरीत जमा करावयाची, तो भरणा. आणलेली रक्कम आणि चलनावरची रक्कम यांत एका रुपयाचाही फरक पडला, तर खिडकीमागचा माणूस चलन परत करतो. मग तो भरणा झालेला नसतो, आणि तसे कोणी समजतही नाही.

संगणकाच्या राज्यातही असा एक भरणा असतो. हजारो-लाखो नोंदींची फाइल डेटाबेसच्या तक्त्यांत उतरवावयाची असली, म्हणजे एकेक नोंद हाताने भरत बसणे शक्य नसते. त्यासाठी निराळे साधन असते. ओरॅकलमध्ये त्याला एसक्यूएल लोडर म्हणतात, पोस्टग्रेसमध्ये कॉपी, तर मायएसक्यूएलमध्ये लोड डेटा. आपल्या सभेच्या ग्रंथालयाची सूची लवकरच अशाच रीतीने डेटाबेसमध्ये न्यावयाची आहे; म्हणून या भरण्याविषयी चार शब्द लिहावेत, असे मनात आले. आम्ही संगणकतज्ज्ञ नव्हे. मात्र नोकरीत असताना अशा एका भरण्याच्या कागदावर आमची सही व्हावयाची होती, आणि ज्या कागदावर सही करावयाची तो समजून घ्यावा, ही आमची जुनी सवय आहे.

या साधनाला स्वतःची बुद्धी नसते. त्याच्या हाती एक आज्ञापत्र द्यावे लागते. फाइल कोणत्या लिपीसंकेतात आहे, एक रकाना कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो, तारखेत आधी दिवस की आधी महिना, रिकामा रकाना आढळल्यास तो चालवून घ्यावा की नाही, आणि किती चुका सोसून काम पुढे रेटावे, हे सारे त्यात लिहिलेले असते. वरवर पाहता हे तांत्रिक तपशील वाटतात. पण आम्हांला तर ती कचेरीची नियमावलीच वाटते. दारात आलेल्या माणसाचा कागद थोडा अपुरा असेल, तर त्याचे काय करावयाचे, याचे उत्तर त्यात आधीच देऊन ठेवावे लागते.

कचेरीत तीन स्वभावांचे कारकून आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पहिला असा की, गठ्ठ्यात एक कागद चुकीचा निघाला तर सबंध गठ्ठा परत करतो. पोस्टग्रेसची कॉपी आज्ञा मुळात या स्वभावाची. एका ओळीत चूक आढळली की काम थांबते आणि आधी वाचलेल्या ओळीही जमा होत नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या सतराव्या आवृत्तीपासून, ज्या ओळीतील मजकूर रकान्याच्या प्रकारात बसत नाही ती वगळून पुढे जाण्याची सोय तिच्यात झाली आहे; पण ती सवलत मागून घ्यावी लागते. दुसरा कारकून गोड स्वभावाचा. तो कोणालाच परत पाठवत नाही. तारीख समजली नाही तर शून्ये मांडतो, नाव लांब असले तर कापतो, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक सूचना लिहून ठेवतो. मायएसक्यूएल आपल्या जुन्या, शिथिल पद्धतीत असे वागत असे. तिसरा कारकून बसतील ते कागद दाखल करतो आणि बसणार नाहीत ते जसेच्या तसे एका निराळ्या फाइलीत बांधून ठेवतो. ओरॅकलचा लोडर हा तिसरा. त्या निराळ्या फाइलीला तिकडे 'बॅड फाइल' असे रोखठोक नाव आहे. आम्ही तिला नाकारलेल्यांची यादी म्हणत असू.

या तिघांत तिसरा बरा, असे आमचे मत आहे. मात्र एका अटीवर. त्याने बांधून ठेवलेली फाइल कोणीतरी उघडून वाचली पाहिजे.

२००६ सालची गोष्ट. निवृत्तिवेतनधारकांच्या नोंदी एका नव्या डेटाबेसमध्ये न्यावयाच्या होत्या. एकदा भरणा पुरा झाला की जुन्या वह्या बंद होणार होत्या आणि पुढल्या महिन्यापासून देयके नव्या तक्त्यावरूनच निघणार होती. ज्याचे नाव तक्त्यात नाही, त्याला पैसे नाहीत, असा सरळ हिशेब होता. फाइली ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतून आल्या होत्या आणि मध्य प्रदेशात त्या काळी सर्रास चाले त्याप्रमाणे कृतिदेव फाँटमध्ये टंकलेल्या होत्या. कृतिदेवाची मौज अशी की, पडद्यावर देवनागरी दिसली तरी संगणकाच्या पोटात ती देवनागरी नसते. 'राम' लिहिले तर आत रोमन जे, के आणि ई ही तीन अक्षरे साठवली जातात. फाँट काढून घेतला की राम गेला.

काम एका तरुण अभियंत्याकडे होते. मुलगा हुशार आणि मेहनती. त्याने रकाने वेगळे करण्यासाठी जगाच्या रीतीप्रमाणे स्वल्पविराम निवडला. लोडर थोडे अंतर चालून थांबला. आज्ञापत्रात काही सांगितले नाही तर तो पन्नास चुका सोसतो, त्यापुढे हात आखडता घेतो. मग अभियंत्याने अर्धविराम निवडला, तेव्हा चुका कमी न होता कितीतरी वाढल्या. नंतर उभी रेघ घेतली. चुका पुष्कळ घटल्या, पण संपल्या नाहीत. शेवटी त्याने चुका सोसण्याची मर्यादा वाढवून मोठी करण्याचे सुचवले. "साहेब, दहा हजारांत चाळीस गेल्या तरी नव्याण्णव पूर्णांक सहा टक्के यश आहे," तो म्हणाला. गणित बरोबर होते. पण आम्हांला द्यावयाच्या प्रमाणपत्रात 'सर्व नोंदी' असे शब्द होते, आणि निवृत्तिवेतन काही टक्क्यांनी मिळत नाही. ते एकेका माणसाला मिळते किंवा मिळत नाही.

आम्ही तिन्ही वेळच्या नाकारलेल्यांच्या याद्या छापून घेतल्या आणि आमच्या शाखेच्या बडे बाबूंपुढे ठेवल्या. त्यांची सारी नोकरी रेमिंग्टनच्या हिंदी टंकयंत्रावर गेलेली. त्यांनी चष्मा पुसला, तिन्ही याद्यांवरून बोट फिरवले आणि हसले. पहिल्या यादीत 'ए' असलेली नावे होती, एकनाथासारखी. दुसरीत 'य' असलेली, विजय आणि जयवंत. तिसरीत विद्याधर आणि विद्या. कृतिदेवाची कळरचना रेमिंग्टनच्याच वळणाची. तिच्यात स्वल्पविरामाच्या कळीवर 'ए' आहे, अर्धविरामाच्या कळीवर 'य', आणि उभ्या रेघेवर 'द्य'. आपण ज्याला दोन रकान्यांमधली भिंत समजत होतो, ते कोणाच्या तरी नावातले अक्षर होते. मजकूर दुहेरी अवतरणात बंदिस्त करण्याचाही एक प्रयोग झाला होता. तेव्हा उषा आणि भूषण अडले, कारण त्या चिन्हावर 'ष' बसतो. बडे बाबूंना संगणक येत नव्हता, पण ही उत्तरे त्यांच्या बोटांत होती.

उपाय मग सोपा निघाला. टॅबची कळ कोणत्याही अक्षराची नाही; तेव्हा रकाने टॅबने वेगळे करून फाइली पुन्हा मागवल्या. मिळालेल्या फाइलींचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून भागले नसते. स्वल्पविरामाने तोडलेली फाइल रूपांतरात घातली असती, तर भिंतींचेही 'ए' झाले असते.

मधल्या काळात यादीतल्या काही जणांना मूळ कागदांवरून पडताळणीसाठी बोलावले होते. त्यांत कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या एक मराठी वृद्धा होत्या. पासबुक रुमालात बांधून आणलेले. नावात 'य' होता, एवढाच त्यांचा अपराध. त्यांनी विचारले, "साहेब, माझं नाव चुकलंय का?" आम्ही म्हटले, "नाही आजी, नाव बरोबर आहे. यंत्राला ते वाचता आलं नाही." त्यांचे समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. कचेरीत आपले नाव सापडत नाही म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि ते कोणत्याही अहवालात लिहिता येण्याजोगे नव्हते.

युनिकोडमध्ये आल्यावर दुसरी अडचण उभी राहिली, ती मापाची. यूटीएफ-आठ या संकेतपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन. 'लक्ष्मीबाई' मोजून पाहावे: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, ईकार, ब, आकार, ई. संकेत दहा, बाइट तीस. हेच नाव रोमन लिपीत दहा बाइटांत मावते. नावाच्या रकान्याला तीस बाइटांची जागा ठेवली असेल, तर लक्ष्मीबाई त्यात काठोकाठ बसतात आणि त्यांच्या पतीचे नाव लिहावयास जागा उरत नाही. शिवाय आज्ञापत्रात लांबी सांगितली नाही, तर ओरॅकलचा लोडर मजकुराचा रकाना २५५ बाइटांचा धरतो, म्हणजे देवनागरीचे अवघे पंच्याऐंशी संकेत. म्हणून तक्त्यातही आणि आज्ञापत्रातही माप बाइटांत न देता अक्षरसंकेतांत द्यावे लागते.

तिसरी अडचण सालांची. जुन्या वह्यांत जन्मसाल दोनच अंकांत लिहिण्याची रीत होती. ओरॅकलमध्ये अशा सालासाठी 'आरआर' नावाचा नमुना आहे. या शतकाच्या पूर्वार्धात तो पन्नास ते नव्याण्णव हे अंक विसाव्या शतकातले धरतो आणि शून्य ते एकोणपन्नास हे एकविसाव्यातले. त्यामुळे १९३२ साली जन्मलेले गृहस्थ २०३२ साली जन्मणार असे ठरते, आणि लोडर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण तारीख म्हणून ती निर्दोष असते. नाकारलेली चूक निदान दिसते. स्वीकारलेली चूक पुढे कोणाला दिसेल, याचा भरवसा नाही.

वेगाच्या मोहाविषयीही लिहिले पाहिजे. लोडरला 'डायरेक्ट' म्हणजे थेट मार्गाने जाण्याची आज्ञा देता येते. मग तो नेहमीची वाट सोडून तयार नोंदी सरळ साठ्यात नेऊन रचतो आणि काम फार लवकर उरकते. पण त्या वेळी काही पहारेकऱ्यांना रजा मिळते. एका तक्त्यातील नोंदीला दुसऱ्या तक्त्यात आधार आहे की नाही हे पाहणारे नियम, मूल्यांच्या मर्यादा तपासणारे नियम आणि नोंद आली की आपोआप चालणाऱ्या ट्रिगर नावाच्या क्रिया थांबवल्या जातात. भरण्यानंतर ते नियम पुन्हा लागू करून, त्यांत न बसणाऱ्या नोंदी हुडकाव्या लागतात. रजेवर गेलेला पहारेकरी परत कामावर आला की नाही, हे ज्याच्या सहीने रजा मंजूर झाली त्याने पाहावयाचे असते.

आपणा इकडच्या मराठी घरांना लागू पडणारी आणखी एक गोष्ट. हिंदी कचेऱ्यांत 'ळ'चा 'ल' होतो, हे पिढ्यान्‌पिढ्या आपण पाहत आलो. एका वहीत काळे, दुसऱ्या वहीत काले. माणूस वाचतो तेव्हा तो हसून जुळवून घेतो. डेटाबेसला मात्र ही दोन निरनिराळी माणसे वाटतात. दोन तक्त्यांची गाठ नावावरून बांधली, तर अर्धे काळे तक्त्याबाहेर राहतात. गाठ नेहमी क्रमांकाने बांधावी, आणि नाव त्या माणसाने जसे लिहिले तसे राहू द्यावे.

या साऱ्यातून आम्ही जी रीत शिकलो, ती आपल्या जुन्या वाड्यांच्या रचनेसारखी आहे. आलेला माणूस एकदम माजघरात जात नसे. आधी ओसरीवर बसे. तसाच एक ओसरीचा तक्ता करावा. त्यात सारे रकाने साध्या मजकुराचे, माप सैल, नियम जवळजवळ नाहीत. फाइल आधी तेथे जशीच्या तशी उतरवावी. किती ओळी आल्या ते मोजावे, मूळ फाइलीतील ओळींशी ताळा पाहावा. मग तारखा, क्रमांक, नावे तपासून एकेक नोंद माजघरात न्यावी. जी नेता येत नाही ती ओसरीवरच राहते, पुसली जात नाही. का राहिली, याचे कारण तिच्या शेजारी लिहिता येते. आत गेलेल्या आणि बाहेर राहिलेल्या नोंदींची बेरीज आलेल्यांइतकी भरली, की मगच प्रमाणपत्रावर सही करावी. त्या वेळी आम्ही तशीच केली, ठरल्या दिवसाहून उशिरा, आणि त्या उशिराबद्दल वरून आलेल्या पत्राला रीतसर उत्तरही दिले.

आता आपल्या ग्रंथालयाचे. सूचीचा बराच भाग आपल्या इंदुरातल्याच टंकलेखकांनी उतरवला आहे, आणि तोही कृतिदेवात. काम हाती घेतलेल्या तरुण मंडळींना आमची एवढीच विनंती आहे की, रकाने टॅबने वेगळे करावेत, ओसरीचा तक्ता आधी करावा, आणि चुका सोसण्याची मर्यादा वाढवण्यापूर्वी यादी वाचावी. दाखल क्रमांक नसलेली, लेखकाचे नाव अर्धे राहिलेली, देणगीदाराचे नुसते आडनाव असलेली पुष्कळ पुस्तके त्या यादीत निघतील. ती यादी छापून वाचनालयाच्या फळ्यावर लावावी. सकाळी वर्तमानपत्रे वाचावयास येणाऱ्या ज्येष्ठ सभासदांत असे कोणी ना कोणी निघेल, ज्याला ते पुस्तक कोणी दिले आणि कोणत्या कपाटात होते, हे ठाऊक असेल. फळ्याशेजारी एक पेन्सिल दोरीने बांधून ठेवावी. आम्हीही रोज सकाळी येत असतोच.