तीन बोटे

साहित्य शिकवणाऱ्या माणसाने उतारवयात स्वतःच कुणाची शिकवणी लावावी, याची त्याच्या विद्यार्थ्यांना मोठी मौज वाटते. आम्ही पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा वर्ग शोधत आहोत हे कळल्यावर आमच्या विद्यार्थ्यांनाही ती वाटली. आम्ही राहतो पनवेलला. बारा-तेरा किलोमीटरवर कर्नाळा आहे: १९६८ साली स्थापन झालेले, सुमारे बारा चौरस किलोमीटरांचे पक्षी अभयारण्य; त्याला चिरत गेलेला मुंबई-गोवा महामार्ग आणि वर किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. एवढे सगळे दाराशी असूनही आमच्या कॅमेऱ्यात उतरत होते ते पक्ष्यांच्या आकाराचे धूसर डाग. दोष अज्ञानाचा, आणि अज्ञानावर उपाय म्हणजे अभ्यासक्रम, अशी आमची पेशाला साजेशी समजूत होती.

शोधता शोधता दोन दिवसांची एक कार्यशाळा मिळाली. पहिल्या दिवशी जे शिकलो ते उपयोगाचे होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. उडता पक्षी टिपायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून अधिक काळ उघडे ठेवू नये. पावसाळी रानातल्या अपुऱ्या उजेडात त्यासाठी आयएसओ चढवावा आणि चित्रात उमटणारे कण सोसावेत. पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवर उतरावे. आणि काहीही झाले तरी त्याचा डोळा सुस्पष्ट हवा. वहीत आम्ही 'डोळा' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी, जुलैतल्या पावसात, आम्हाला अभयारण्याबाहेरच्या एका ओढ्याकाठी नेण्यात आले. दरडीच्या मातीत तिबोटी खंड्याचे बीळ होते. हा पक्षी जेमतेम चिमणीएवढा. पावसाबरोबर कोकणात येतो, दरडीत बोगदा खोदून अंडी घालतो, आणि पुढे नर-मादी दोघेही पिल्लांना सापसुरळ्या, खेकडे, कोळी आणून भरवतात. बिळासमोर एक फांदी आडवी येत होती. मार्गदर्शकांनी ती कापली. तिच्या जागी, आमच्या भिंगांना सोयीच्या अंतरावर, शेवाळ धरलेली एक काठी रोवली. आम्ही नऊ जण ओळीने बसलो. खंड्या चोचीत सापसुरळी घेऊन आला, काठीवर बसला, आमच्याकडे पाहिले आणि बिळात न शिरता परत गेला. असे किती वेळा घडले ते आम्ही मोजले नाही. छायाचित्रे मात्र मोजली: तीनशे बारा. त्यांपैकी एकात डोळा लख्ख आला होता.

ते चित्र आम्ही मोठे करून महाविद्यालयात नेले. प्राणिशास्त्र शिकवणारे आमचे एक सहकारी ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, चित्र सुरेख आहे. पण चोच भरलेली आहे आणि हा बसून आहे. बिळात का गेला नाही?" आम्ही फांदीची हकिगत सांगितली. ते रागावले नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ काढून त्यांनी 'शिकार' या शब्दाची व्याख्या तेवढी आमच्यापुढे ठेवली. तीत बंदूक आणि सापळा येतो, तसेच पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही येते. शब्दांच्या व्याख्यांवर आयुष्य काढलेल्या आम्हाला ही एक व्याख्या ठाऊक नव्हती.

त्याहून झोंबले ते दुसरेच. कवितेतली एखादी ओळ आपल्या अन्वयार्थाच्या आड येते म्हणून ती वगळू नका, असे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे बजावत आलो. आणि आमच्या चौकटीच्या आड आलेली फांदी आमच्या देखत कापली गेली, तेव्हा आमच्या मनात आले ते एवढेच, की आता उजेड बरा मिळेल.

मग त्या पक्ष्याचे नाव आठवले. तिबोटी. बहुतेक पक्ष्यांना चार बोटे असतात, याला तीनच. चिमणीएवढ्या पाखराची बोटे मोजण्याइतके कुणीतरी निरखून पाहिले, तेव्हा हे नाव पडले. आमच्या चित्रात बोटे स्वच्छ दिसत होती. आम्ही ती मोजली नव्हती. वनाधिकारी म्हणून ज्यांचा कर्नाळ्याशी संबंध आला, त्या मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावे आयुष्यभर का वेचली असतील, हे तेव्हा कुठे उमगले. याच जिल्ह्यात, किहीमला, १९३० साली नोकरी हातात नसलेले सालिम अली सुगरणींची घरटी बांधण्याची तऱ्हा न्याहाळत बसले होते. नर एक घरटे मादीच्या पसंतीस उतरताच दुसरे विणायला घेतो, हे त्यांना कळले ते रोज त्याच जागी बसून आणि रोज टिपणे ठेवून.

आता आम्ही अभ्यासक्रम शोधला तो पक्षिशास्त्राचा. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तो चालवते. छायाचित्रणाचे तंत्र हीन आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. उलट, ते शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात पहिला धडा घरट्यापासून दूर राहण्याचा असावा. विद्यार्थी म्हणून आम्हीही तो मागायला हवा होता.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्या ओढ्यावर गेलो. बीळ रिकामे होते, तोंडाशी कोळ्याने जाळे विणले होते. दरड भिजून खचली म्हणून असेल, सापाने माग काढला म्हणून असेल, आमच्यामुळेही असेल. ठरवायचे कशावरून? खंड्या किती वेळा घास घेऊन परत गेला, पिल्ले उडाली की नाही, याची एकही नोंद आमच्यापाशी नव्हती. होती ती तीनशे बारा छायाचित्रे.

भिंतीवरचे ते चित्र आम्ही उतरवलेले नाही. कुणी वाखाणले, की आम्ही फांदीची हकिगत सांगतो.