लेक लाग्यो

वीस-बावीस वर्षं सह्याद्रीत भटकल्यावर माझं एक मत पक्कं झालं होतं. उंचीवर डोकं दुखतं ते मनाने कच्च्या असलेल्या माणसाचं. हे मत मी स्वतःपुरतं ठेवलं असतं तर एक वेळ ठीक होतं, पण मी ते शिकवत होते. हिमालयातल्या ट्रेकआधी आमच्या पुण्याच्या ग्रुपची मीटिंग व्हायची, तिथे मी एका मुलाची गोष्ट सांगायचे. नाव घेत नसे, पण तो कोण हे जुन्यांना ठाऊक असायचं. हामटा खिंडीच्या वाटेवर तो डोकं धरून दगडावर बसला होता. मी त्याला म्हटलं होतं, "पाणी पी आणि चालायला लाग. मनावर घेतलंस की त्रास वाढतो." दुसऱ्या दिवशी त्याला खाली पाठवावं लागलं आणि त्यानंतर तो आमच्याबरोबर कधी आला नाही. सात वर्षं ही गोष्ट मी हिंमत हरल्याचा नमुना म्हणून सांगत आले.

नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिक्रमेला मी गेले ती या तयारीनिशी. परिक्रमेचा सर्वांत उंच टप्पा म्हणजे थोरोंग ला ही 5,416 मीटरची खिंड. तीन कळसूबाई एकमेकींवर रचल्या तरी तिथवर पोचत नाहीत. वाटेत 3,540 मीटरवर मनांग गाव आहे. बहुतेक लोक तिथे दोन रात्री राहतात, शरीराला हवेची सवय व्हावी म्हणून. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं दवाखानावजा केंद्र तिथे आहे आणि हंगामात डॉक्टर दुपारी उंचीच्या आजारावर बोलतात. मी त्या वेळी बेकरीत ॲपल पाय खात बसले होते. हे सगळं मला माहीत आहे, असं गाइडला सांगितलं आणि दुसऱ्या सकाळी निघाले.

याक खर्क 4,050 मीटरवर. तिथून थोरोंग फेदी साधारण 4,500 वर, आणि मुक्काम फेदीलाच ठरला होता. पण पाय हलके होते, हवा स्वच्छ होती, दोन परदेशी मुलं माझ्यापुढे गेलेली मला सहन होत नव्हतं. गाइड नको म्हणत असताना मी त्याच दिवशी हाय कॅम्प गाठला. एका दिवसात आठशे मीटरहून जास्त. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम मला तोंडपाठ होता. तो इतरांसाठी आहे असं मी धरून चालले होते.

संध्याकाळी कपाळाच्या मागे ठोके सुरू झाले. लसणाचं सूप समोर आलं आणि वासानेच पोट ढवळलं. बाहेर जाऊन उलटी केली, तोंड धुतलं, आत येऊन हसून बसले. कुणाला काही सांगितलं नाही. हे लिहिताना आजही हात थांबतो, कारण लपवणं मला किती सहज जमलं ते आठवतं. गाइडने मात्र माझं न खाल्लेलं ताट पाहिलं होतं. त्याने मला व्हरांड्यात नेऊन टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तेवढं जमलं. मग तो म्हणाला, "दिदी, लेक लाग्यो."

मला आधी आपली 'लेक' ऐकू आली. नेपाळीत लेक म्हणजे उंच डोंगर. डोंगर लागला. आपल्याकडे ऊन लागतं तसा. ऊन लागलेल्या माणसाला आपण सावलीत नेतो, कांद्याचा रस चोळतो, पन्हं देतो. तुझं मन कच्चं आहे असं त्याला कुणी म्हणत नाही. माझं मत बदललं ते त्या व्हरांड्यात, एका क्रियापदापाशी.

टॉर्चच्या उजेडात आम्ही फेदीला उतरलो आणि सकाळी याक खर्कला. दुपारपर्यंत डोकं दुखायचं थांबलं, भूक लागली. पुढचे दोन दिवस मी तिथे उन्हात बसून होते आणि पहिल्यांदा प्रामाणिकपणे विचार करत होते. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. शरीर श्वास वाढवतं, त्याने रक्तातली आम्लता बिघडते, ती जुळवून घ्यायला मूत्रपिंडांना दिवस लागतात. यात इच्छाशक्तीला काही जागाच नाही. दणकट असण्यानेही बचाव होत नाही. उलट दणकट माणूस शरीराची तयारी होण्याआधीच वर पोचतो. मी तशीच पोचले होते.

दुसऱ्यांदा वर गेले ती टप्पे पाळून, पहिली रात्र फेदीला, दुसरी हाय कॅम्पला. पहाटे साडेचारला निघालो, कारण दिवस चढला की खिंडीत वारा सुटतो. गाइड पुढे होता आणि "बिस्तारै, बिस्तारै" एवढंच म्हणत होता. हळूहळू. वीस पावलं, मग काठीवर भार देऊन श्वास. मागचे लोक पुढे जात होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. वर पताकांनी झाकलेला फलक आला तेव्हा मी त्याला हात लावला आणि गाइडच्या पाया पडले. तो संकोचला. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

पलीकडची उतरण मुक्तिनाथपर्यंत सोळाशे मीटरची आहे, जवळपास अख्खी कळसूबाई. गुडघे बोलायला लागले होते. देवळाच्या एकशे आठ धारांपाशी मराठी ऐकू आलं. जीपने वर आलेली यात्रेकरू मंडळी होती. पायरीवर एक आजी डोकं धरून बसल्या होत्या आणि त्यांचा मुलगा प्रेमानेच सांगत होता, "आई, जरा मन घट्ट कर, दर्शन झालं की बरं वाटेल."

माझंच वाक्य होतं ते. मी त्याला बाजूला घेतलं, दर्शन झालं नाही तरी चालेल, आत्ता यांना जोमसोमला उतरवा, असं सांगितलं. ते हजारएक मीटर खाली होतं. त्याने ऐकलं. जीपमध्ये बसताना आजींनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुण्यात आल्यावर चौथ्या दिवशी मी त्या मुलाला फोन केला. मुलगा कसला, आता चाळिशीला आलाय. मी चुकले होते, आणि तुझी गोष्ट इतकी वर्षं लोकांना सांगून पुन्हा पुन्हा चुकत राहिले, असं म्हटलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, त्या रात्री मी आडवा झालो नव्हतो. झोपलो की श्वास पुरायचा नाही, छातीत गुरगुर व्हायची. सॅकला टेकून बसून राहिलो सकाळपर्यंत. तुम्हाला हाक मारावीशी वाटली होती."

छातीत गुरगुर म्हणजे फुप्फुसात पाणी. आणखी काही तासांनी काय झालं असतं हे आता मला माहीत आहे. मी शेजारच्याच तंबूत होते. मला गाढ झोप लागली होती.