बहात्तर येईपर्यंत

ब्रेमेनला आल्यावर पहिले दोन आठवडे मी फक्त पाणी मोजत होते. शुद्ध पाणी, हवेत सुईच्या टोकाला लटकलेला एक थेंब, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. पंचवीस अंश तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन यायला हवा. माझा आकडा ६५ वर अडायचा. दुसऱ्या दिवशी ६८, तिसऱ्या दिवशी पुन्हा ६४. यंत्र बिघडलंय असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. शेवटी मार्गदर्शक बाईंनी मी काम करताना शेजारी उभं राहून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "सुई बसवताना तिच्या टोकाला बोट लागलं." बोटावरच्या तेलाचा अंश डोळ्यांना दिसत नव्हता, पण पाण्याला तो कळत होता.

त्यांनीच मला आग्नेस पॉकेल्स यांच्याबद्दल सांगितलं. ब्राउनश्वाइगला, इथून दोनेक तासांच्या अंतरावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही बाई घरची भांडी घासता घासता पाण्यावरच्या तेलकट थराचा अभ्यास करायची. स्त्रियांना विद्यापीठाचं दार बंद होतं, म्हणून तिने पत्र्याच्या पन्हळीचं उपकरण घरीच बनवलं. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना तिने लिहिलेलं पत्र १८९१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. पाण्याचा पृष्ठभाग किती सहज मळतो, हे तिने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. मला त्यासाठी दोन आठवडे लागले, आणि तेही तिच्यासारख्यांनी वाट घालून दिल्यानंतर.

पाणी जमल्यावर तेल आलं. हेक्झेनने भरलेल्या काचेच्या चौकोनी डबीत पाण्याचा थेंब लटकवायचा. या दोघांच्या सीमेवरचा ताण ५० च्या आसपास असतो. मग पाण्यात सरफॅक्टंट घालायचं. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं तेलात, त्यामुळे रेणू सीमेवर येऊन उभे राहतात. शाम्पूतलं सोडियम लॉरिल सल्फेट पुरेसं घातलं की ताण दहाच्या खाली उतरतो. पडद्यावर दिसतं ते असं की गोल थेंब खाली ओघळत लांबट होतो, पेरूसारखा, आणि कधी सुटून पडतो. त्या लांबटपणावरूनच संगणक ताण काढतो.

आता हाच अभ्यास सूक्ष्मगुरुत्वात, म्हणजे जवळपास वजनरहित अवस्थेत, करायचा. तिथे मी पुरती गोंधळले. थेंबाला खाली ओढणारं काही नसेल, तर तो लांबट होईल कशाने? ताण ५० असो वा ५, थेंब गोलच राहणार. म्हणजे इतके दिवस मी ज्या पद्धतीचा सराव केला, तिच्यात गुरुत्वाकर्षण हेच एक वजनाचं माप होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

उत्तर थेंबाच्या आत होतं. सीमा ताणलेली असल्यामुळे थेंबाच्या आत दाब बाहेरपेक्षा जास्त असतो: ताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. एक मिलिमीटर त्रिज्येच्या आणि ५० ताणाच्या थेंबात हा जादा दाब १०० पास्कल, म्हणजे सेंटिमीटरभर पाण्याच्या स्तंभाइतका. ताण दहावर आला की दोन मिलिमीटर स्तंभाइतका. जमिनीवर इतका नाजूक दाब मोजायचा म्हणजे द्रवाच्या स्वतःच्या वजनाचा दाब त्यात मिसळतो. अंतराळात ते वजन उरत नाही. थेंब निखळ गोल, दाब निखळ. आकार गेला याचं मला वाटलेलं वाईट त्या संध्याकाळी संपलं.

पण एवढा खटाटोप कशासाठी? जमिनीवर द्रव कधी स्थिर नसतो. जरा उष्णतेचा फरक पडला की हलका भाग वर, जड भाग खाली, आणि या अभिसरणात रेणूही वाहत जातात. सरफॅक्टंट सीमेवर स्वतःच्या विसरणाने (डिफ्यूजनने) किती वेगाने पोचलं आणि प्रवाहाने किती, हे वेगळं करता येत नाही. तेल-पाण्याच्या पायसाचंही (इमल्शनचंही) तसंच. मिसळीच्या रश्श्यावर कट येतो तसं तेल वर चढून एकत्र येतं, आणि थेंब एकमेकांत विलीन झाले की नुसते वर गर्दी करून बसले, हे कळत नाही. (पृष्ठताणातल्या फरकाने होणारा मारांगोनी प्रवाह मात्र अंतराळातही राहतो, सगळंच शांत होतं असं नाही.)

थोडा वेळ वजन घालवायची सोय ब्रेमेनमध्येच आहे: १४६ मीटर उंच ड्रॉप टॉवर. आतल्या निर्वात नळीत प्रयोगाची कुपी ११० मीटर पडते आणि ४.७४ सेकंद वजनरहित राहते. खालून उडवली तर ९ सेकंदांहून थोडं जास्त. कुपी थर्माकोलच्या मण्यांत येऊन रुतली तेव्हा मी श्वास रोखून होते. घरी येऊन हिशेब केला: सरफॅक्टंटचा रेणू निव्वळ विसरणाने एका सेकंदात मिलिमीटरचा तिसावा भाग सरकतो, तासाभरात जेमतेम दोन मिलिमीटर. पाच सेकंदांत त्याचा प्रवास सुरूही होत नाही. म्हणून अंतराळ स्थानक. तिथेही, चारशे किलोमीटर उंचीवर, गुरुत्वाकर्षण जमिनीच्या जवळपास नऊ दशांश असतंच. स्थानक सतत पडत असतं, म्हणून वजन जाणवत नाही. हे मला एम.एस्सी. झाल्यावर नीट समजलं.

अंतराळातलं हे काम जुनं आहे. कोलंबिया अंतराळयान १६ जानेवारी २००३ ला शेवटचं निघालं तेव्हा त्यात 'फास्ट' नावाचं पृष्ठताणाचं युरोपीय उपकरण होतं. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी १ फेब्रुवारीला परतताना गेले. लहानपणापासून ऐकलेल्या त्या मोहिमेत माझ्या विषयाचं काम होतं, हे कळल्यावर मी बराच वेळ काही वाचू शकले नाही. पुढे 'फेसेस' हा पायसांचा प्रयोग स्थानकाच्या कोलंबस विभागात झाला. काम थांबलं नाही.

या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांना एकच विनंती. घाई करू नका, आधी पाणी मोजा. कक्षेत गेलेली सुई पुन्हा धुता येत नाही. ७२ आल्याशिवाय तेलाची बाटली उघडू नका.